यूएसबी चिपच्या पोटातली की वेगळ्या चिपवरची? मागावरच्या बोर्डासाठी निवड

सोलापूरच्या अक्कलकोट रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीतील एखाद्या टॉवेल कारखान्यासाठी मागाचे फेरे मोजणारा बोर्ड स्वतः तयार करायचा, तर पहिल्याच आराखड्यात एक प्रश्न सोडवावा लागतो. ज्याच्या आतच यूएसबी आहे असा मायक्रोकंट्रोलर (बोर्डाचा प्रोग्राम चालवणारी मुख्य चिप) घ्यावा, की त्याच्या सिरियल पोर्टपुढे सीएच३४० किंवा सीपी२१०२ यांसारखी, सिरियल संदेश यूएसबीत बदलणारी रूपांतरक चिप लावावी? किंमत आणि जागा यांचा हिशेब सोपा आहे. बोर्ड संगणकाला दिसेनासा झाला की दोष किती लवकर हाती लागतो, ही मला खरी कसोटी वाटते, कारण कारखान्यात माग थांबवून तपासायला फार वेळ मिळत नाही.

थेट यूएसबीत अनेक गोष्टी एकाच वेळी बरोबर असाव्या लागतात. डी-प्लस या यूएसबीच्या माहिती-तारेवर १.५ किलोओहमचा पुल-अप, म्हणजे तारेला ३.३ व्होल्टकडे ओढणारा रेझिस्टर हवा, सेकंदाला १२ मेगाबिट वेगासाठी चिपच्या घड्याळातली (क्लॉक) चूक ०.२५ टक्क्यांच्या आत हवी आणि संगणकाने विचारताच आपली ओळख सांगणारा प्रोग्रामही चालू हवा. पुल-अप नसेल तर संगणकाला काही जोडल्याचे कळतच नाही. घड्याळाला ठोका देणारा क्रिस्टल चुकला काय किंवा प्रोग्राम अडकला काय, विंडोजवर बहुधा तोच कोड ४३, म्हणजे उपकरण ओळखता न आल्याचा संदेश दिसतो.

गेल्या उन्हाळ्यात एका विद्यार्थ्याचा एसटीएम३२एफ१०३ या, आतच यूएसबी असलेल्या मायक्रोकंट्रोलरवरचा बोर्ड माझ्याकडे आला होता. घरच्या लॅपटॉपवर तो चाले, कारखान्यातल्या संगणकावर मात्र ओळखला जात नसे. केबल जोडून डी-प्लसवर मीटर लावला, तर सुमारे ३ व्होल्ट दिसायला हवे होते, तिथे जेमतेम २ दिसले. भिंगाखाली पाहिल्यावर पुल-अपच्या जागी १५२ ऐवजी १०३ लिहिलेला, म्हणजे १० किलोओहमचा रेझिस्टर सापडला. संगणकाच्या बाजूला १५ किलोओहमचा पुल-डाउन, म्हणजे तारेला शून्य व्होल्टकडे ओढणारा रेझिस्टर असतो; त्याच्याशी ३.३ व्होल्टची विभागणी होऊन उरणारे २ व्होल्ट नेमके ओळखीच्या सीमेवर येतात, म्हणून एक संगणक बोर्ड मान्य करतो आणि दुसरा नाकारतो. रेझिस्टर बदलताच काम झाले, पण तोवर त्याचे चार दिवस प्रोग्राम तपासण्यात गेले होते.

रूपांतरक चिप असती, तर हा शोध पहिल्याच पायरीवर दोन भागांत विभागला गेला असता. प्रोग्राम अडकला तरी चिप संगणकाला दिसतच राहते. मायक्रोकंट्रोलर बाजूला काढून रूपांतरक चिपच्या टीएक्स (पाठवणारी) आणि आरएक्स (घेणारी) पिना एकमेकींना तारेने जोडाव्यात. टाइप केलेली अक्षरे पडद्यावर परत आली, तर केबल, ड्रायव्हर आणि चिप निर्दोष आहेत, दोष पुढे आहे. सापळे इथेही आहेत : सीएच३४० ला ३.३ व्होल्ट पुरवठा देताना व्ही३ पिन त्याच पुरवठ्याला जोडावी लागते आणि सीएच३४०जी ला १२ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल लागतो. सीएच३४०सी ला तो लागत नाही. शिवाय मोटारींच्या विद्युत गोंगाटापासून संगणक वेगळा ठेवायचा असेल, तर टीएक्स-आरएक्स या प्रत्येकी एकाच दिशेने माहिती नेणाऱ्या तारा साध्या आयसोलेटरने (थेट विद्युत जोडणीशिवाय संदेश पुढे देणाऱ्या चिपने) अलग करता येतात. यूएसबीच्या तारांवर मात्र दोन्ही दिशांनी माहिती जाते, म्हणून एडीयूएम४१६० सारखा खास आयसोलेटर लागतो.

म्हणून पहिलाच बोर्ड असेल आणि तो मागाजवळ बसणार असेल, तर मी रूपांतरक चिपच सुचवीन. बोर्डाने कीबोर्ड म्हणून वागायला हवे असेल, तर थेट यूएसबी घ्यावी, पण तीही आरपी२०४० सारख्या चिपवर. तिच्या कायमस्वरूपी स्मृतीतच यूएसबी बूटलोडर, म्हणजे यूएसबीवरून नवा प्रोग्राम भरून घेणारा छोटा प्रोग्राम असतो. बूटसेल बटण दाबून केबल जोडल्यावर ड्राइव्ह दिसला, तर क्रिस्टल, यूएसबी तारांवरचे २७ ओहमचे दोन्ही रेझिस्टर आणि तारा ठीक असून चूक प्रोग्राममध्ये आहे, हे तिथेच कळते. एसटीएम३२एफ१०३ च्या अंगभूत बूटलोडरला यूएसबी येतच नाही, त्यामुळे ही सोय तिथे मिळत नाही.

टाइप-सी सॉकेटची चूक दोन्ही पर्यायांत सारखीच होते. त्याच्या दोन सीसी पिनांना (जोडणी ओळखणाऱ्या पिनांना) स्वतंत्रपणे ५.१ किलोओहमचे रेझिस्टर ग्राउंडकडे लावले नाहीत, तर जुन्या ए-ते-सी केबलवर चालणाऱ्या बोर्डाला सी-ते-सी केबलवर वीजच मिळत नाही. बोर्ड कारखान्यात नेण्यापूर्वी तो दोन्ही प्रकारच्या केबलींवर, आणि प्लग उलटा करूनही, एकदा लावून पाहावा.