उन्हाळा काढलेला कमी आवाजाचा पीसी : रायझन ५ ५६००जी, ग्राफिक कार्डाशिवाय

मी नागपुरात घरीच ऑडिओबुकचं वाचन रेकॉर्ड करते. दोन वाक्यांमधल्या शांत जागेत आवाजाची पातळी उणे ६० डेसिबलच्या खाली हवी, अशी अट या कामात सर्रास असते. त्यामुळे पीसी जोडताना आधी आवाज बघितला, मग पैसे आणि सगळ्यात शेवटी वेग. मॉनिटर सोडून ४०,००० रुपयांच्या आत बसवला. हिवाळ्यात जोडला होता, पण लिहायला पावसाळ्यापर्यंत थांबले, कारण जानेवारीत कुठलाही पीसी शांतच वाटतो.

मे महिन्यात इथे रेकॉर्डिंग करायचं म्हणजे डेझर्ट कूलर बंद, छताचा पंखा बंद, खिडक्या बंद. खोली बघता बघता ३६-३७ अंशांवर जाते. खोली जितकी तापते, साधारण तितकाच सीपीयूही वर चढतो. परदेशातल्या चाचण्या बहुतेक वातानुकूलित खोलीत होतात. त्यातले आकडे पाहून घेतलेला माल नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या सगळ्यात तापत्या नऊ दिवसांत, कसा वागेल, हे आपल्यालाच बघावं लागतं.

दुकानात पहिलाच प्रश्न आला, "ताई, ग्राफिक कार्ड नाही टाकायचं? मग लॅपटॉपच घ्या नं!" पण माझा सगळा हिशोब कार्ड न टाकण्यावरच उभा होता. ५६००जी या एएमडीच्या प्रोसेसरमध्ये (सीपीयूमध्ये) ६ कोअर आहेत, ग्राफिक्स आतच आहे आणि टीडीपी, म्हणजे कंपनीने सांगितलेला उष्णतेचा आकडा, ६५ वॉट. प्रत्यक्षात तो ८८ वॉटपर्यंत वीज खेचू शकतो, पण बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, ४५ वॉटचा इको मोड (वीज वाचवणारी सेटिंग) लावला की हा आकडा ६० च्या आसपास येतो. ऑडिओ एडिटिंगमध्ये मला फरक जाणवला नाही. फाइल एक्सपोर्ट व्हायला थोडा जास्त वेळ लागत असेल, तेवढ्यात मी चहा टाकते. उष्णताच कमी झाली की पंख्यांना धावायचं कारण उरत नाही. बाकीची सगळी निवड मी याच धोरणाने केली.

प्रोसेसरसोबत येणारा सीपीयू कूलर फुकटात मिळतो आणि चालतोही, पण तो लहान आहे. उन्हाळ्यात त्याचा पंखा चढ्या सुरात गातो. म्हणून डीपकूलचा एके४०० घेतला. उष्णता वाहून नेणाऱ्या चार नळ्या (हीटपाइप), १२० मिलिमीटरचा पंखा, उंची १५५ मिलिमीटर. कॅबिनेट घेताना ही उंची मोजूनच घ्या, स्वस्त आणि अरुंद कॅबिनेटचं झाकण त्यावर बसत नाही. या सगळ्या यादीत पैसे वसूल करणारी वस्तू हीच. पंख्याचा वेग निम्मा केला तर आवाज साधारण १५ डेसिबलने उतरतो, आणि मोठ्या हीटसिंकमुळे, म्हणजे उष्णता पसरवणाऱ्या पत्र्यांच्या गठ्ठ्यामुळे, तो निम्मा वेग परवडतो.

पण नुसता कूलर बदलून भागत नाही. ब्राउझरचा एक टॅब उघडला तरी रायझनचं तापमान क्षणात १०-१५ अंश उसळतं आणि पुन्हा खाली येतं. बायोसच्या मूळ सेटिंगवर पंखा या प्रत्येक उसळीमागे धावतो. सतत एका सुरात चालणारी घरघर कान विसरतो. वर-खाली होणारी मात्र विसरत नाही, आणि रेकॉर्डिंगमधून ती काढताही येत नाही, कारण नॉइज रिडक्शनला स्थिर आवाज लागतो. मी फॅन कर्व्ह (कुठल्या तापमानाला पंखा किती वेगाने फिरावा याची रेघ) ६५ अंशांपर्यंत सपाट ठेवली आहे, साधारण ७०० आरपीएमवर, म्हणजे मिनिटाला ७०० फेऱ्यांवर. तिथून पुढे हळूहळू चढ, आणि वेग बदलायला काही सेकंदांची सवड. कॅबिनेटच्या एका पंख्याला १,००० आरपीएमच्या आसपास गुणगुणायची खोड निघाली. तो टप्पा लवकर ओलांडला जाईल असा कर्व्हला तिथे उभा चढ दिला. पंखे चार पिनांचे पीडब्ल्यूएमच घ्या, म्हणजे बोर्डाला त्यांचा वेग नेमका कमी-जास्त करता येतो. मदरबोर्ड निवडताना मी बी५५० चिपसेटचा घेतला तोही मुख्यतः फॅन हेडर (पंखे जोडायच्या जागा) जास्त मिळाले म्हणून; बाकी या प्रोसेसरला साधा ए५२० पुरतो.

एसएमपीएसबद्दल, म्हणजे पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्याबद्दल, एक गैरसमज दुकानातही ऐकला. ८० प्लसचा शिक्का कार्यक्षमतेचा असतो, शांततेचा नव्हे. त्यातली ब्रॉन्झ ही श्रेणी म्हणजे निम्म्या लोडवर ८५ टक्के कार्यक्षमता, बस. आवाज त्याच्या आतल्या पंख्यावर ठरतो. माझा पीसी जोरात काम करतानाही १५० वॉटच्या आत राहतो, आणि ५५० वॉटचा एसएमपीएस एवढ्या ओझ्याला तापतच नाही. कॅबिनेटबरोबर "फ्री" मिळणारा एसएमपीएस कितीही गळ्यात मारला तरी घेऊ नका. पक्कं बिल मात्र प्रत्येक पार्टचं घ्या.

रॅम ८-८ जीबीच्या दोन काड्या. आतलं ग्राफिक्स हीच रॅम वापरतं आणि दोन काड्यांमुळे डेटाला दोन वाटा मिळतात, त्यामुळे १६ ची एक काडी घेतली तर ते रांगतं. स्टोरेज ५०० जीबी एनव्हीएमई एसएसडी, त्यात फिरणारं काही नसतं. जुनी हार्ड डिस्क कॅबिनेटमध्ये ठेवली नाही, कारण ७,२०० आरपीएमची डिस्क सेकंदाला १२० फेरे मारते आणि तोच १२० हर्ट्झचा हुंकार पत्र्यातून टेबलात, टेबलातून माइकच्या स्टँडमध्ये उतरतो. ती आता बाहेर यूएसबी डॉकवर आहे, बॅकअपपुरती चालू होते.

कॅबिनेट पुढून जाळीचं. आत फोम लावलेली "सायलेंट" कॅबिनेटं दिसायला छान, पण त्यांचं पुढचं तोंड बंद असतं. आपल्याकडच्या उन्हात आतली हवा कोंडते आणि पंखे वेग घेतात. जाळीचा तोटा धूळ. एप्रिल-मेमध्ये पुढचा फिल्टर दर पंधरवड्याला धुवावा लागला. नाही धुतला तर तापमान चार-पाच अंश चढलेलं दिसतं.

नवतप्यातसुद्धा वाचन रेकॉर्ड करताना सीपीयू साठीच्या आतच राहिला. एक्सपोर्टच्या वेळी पंचाहत्तरीला टेकला, तेव्हा पंखा ऐकू आला. मर्यादा ९५ अंशांची आहे, म्हणजे काळजीचं काही नाही.

पीसी शांत झाल्यावर खोलीतले बाकीचे पाहुणे ऐकू यायला लागले. यूपीएसच्या ट्रान्सफॉर्मरची १०० हर्ट्झची भुणभुण सगळ्यात वाईट. त्याला लांब वायर लावून पलीकडच्या खोलीत पाठवला. पीसी टेबलाखाली, माइकच्या बरोबर मागे ठेवला आहे. माझ्यासारखा कार्डिऑइड माइक समोरचं ऐकण्यासाठी असतो, मागच्या बाजूचं सगळ्यात कमी ऐकतो. या दोन गोष्टींना वायरपलीकडे पैसा लागला नाही, आणि फरक महागड्या पंख्यांपेक्षा जास्त पडला.

गेम खेळणाऱ्यांनी हा संच जसाच्या तसा उचलू नये. ५६००जीला एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी) १६ एमबी आहे, 'जी' नसलेल्या साध्या ५६०० ला ३२. शिवाय जीमध्ये पीसीआयई (ग्राफिक कार्ड ज्यावरून बोलतं ती वाट) जुनं ३.० च मिळतं. कार्ड टाकायचंच असेल तर साधा ५६०० घ्या. पण आरएक्स ६६०० सारखं मध्यम ग्राफिक कार्डही १३२ वॉटचं आहे, म्हणजे माझ्या प्रोसेसरच्या दुपटीहून जास्त उष्णता त्याच डब्यात. मग कॅबिनेटच्या पंख्यांपासून सगळा हिशोब नव्याने मांडावा लागेल.