एकच पिल्लू, चार नावं

कारवान, पश्मी, रामपूर आणि चिप्पीपराई. देशी शिकारी कुत्र्यांच्या या चारही जातींची महिन्या-दीड महिन्याची पिल्लं एका टोपल्यात ठेवली तर भल्याभल्यांना वेगळी काढता येत नाहीत. तोंड अजून लांबायचं असतं, कान बसलेले नसतात, पोट टम्म आणि पाय बारीक. विकणाऱ्याला हे पक्कं माहीत असतं. म्हणून तो आधी पिल्लू दाखवत नाही, आधी विचारतो, "काका, तुम्हाला कुठलं पाहिजे?" आपण जे नाव घेऊ ते पिल्लाला लागतं, आणि त्या नावाचा दर आपल्याला. आमच्या तोंडून 'रामपूर' निघालं.

आमच्याकडं आधीपासून राणी आहे. लाल कारवान. तासगावच्या पुढं आमची द्राक्षबाग, तिथंच घर. राणी जत तालुक्यातल्या एका मेंढपाळाकडून आणलेली. कागद कसलाच नाही, पण तिची आई मी मेंढरांमागं चालताना बघितली होती आणि बाप शेजारच्या वस्तीवरचा. राणी सात वर्षांची झाली तेव्हा तिला सोबत आणायचं ठरलं. नातेवाईक म्हणाले, पुन्हा तसलंच कशाला, लॅब्रडॉर घ्या. शेजाऱ्यांचा लॅब्रडॉर आहे की. बागेच्या कडेनं राणीमागं एक फेरी मारतो आणि ठिबकच्या नळीशेजारी आडवा होतो. तिच्या वेगाला वेग पाहिजे होता आणि ती मादी, म्हणून नर.

शिकारीचा विषय नव्हता, हेही सांगून टाकतो. ससा मारणं १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे. तरी विकणारे अजूनही ससा धरल्याचे व्हिडिओ अभिमानानं पाठवतात. असला व्हिडिओ आला की तो नंबर मी ब्लॉक करतो.

घरात तीन मतं होती. बायकोचं म्हणणं, राणीचा स्वभाव कळलाय, तर कारवानच आणू. परक्यानं अंगाला हात लावलेला या कुत्र्यांना खपत नाही, हे तिला पाठ झालेलं. मला पश्मीचा सोस, कान-शेपटीच्या लांब केसांची ती झालर बघून. मुलीनं रामपूरचा हट्ट धरला होता. रामपूरच्या नवाबांनी अफगाणी ताझी आणि इंग्रजी ग्रेहाउंड यांच्या संकरातून तयार केलेली ती जात, आणि तिच्यात राखी रंगाला मान.

मोठ्या कुत्र्यांत फरक दिसतो. कारवान नर खांद्याशी साधारण ६८ ते ७२ सेंटिमीटर, वजन २२ ते २८ किलो, डोकं लांब-अरुंद, कान गालाला चिकटून लोंबणारे. पश्मी बांध्यानं तोच, वर झालर. रामपूर अंगानं भारी, डोकं रुंद, जबडा दणकट. चिप्पीपराई तमिळनाडूच्या विरुधुनगरकडची, चणीनं जरा लहान. त्याच भागातली काळी-तांबूस कन्नी जवळपास तशीच. माझं मत विचाराल तर आपल्या उन्हाला यातलं कुठलंही चालेल, धावायला जागा आणि पक्कं कुंपण पाहिजे. रामपूरची गोष्ट मात्र निराळी. त्या जातीचं निर्भेळ रक्त खुद्द रामपुरातही मुश्किलीनं मिळतं. सोलापूरकडचा विकणारा कधीही फोन केला तरी "रामपूरचा लिटर (म्हणजे एका वेतातली पिल्लं) तयार आहे" म्हणत असेल तर शंकेला तेवढं पुरेसं आहे.

मुधोळ आणि कारवान या नावांचाही असाच घोळ. केनेल क्लब ऑफ इंडिया या कुत्र्याची नोंद कॅराव्हान हाउंड म्हणून करतो, पुण्याचा इंडियन नॅशनल केनेल क्लब मुधोळ हाउंड म्हणून. कुत्रं तेच. पण कर्नाटकातल्या मुधोळ संस्थानच्या मालोजीराजे घोरपड्यांनी पंचम जॉर्जला या कुत्र्यांची जोडी भेट दिली ती कथा, आणि ऑगस्ट २०२० मध्ये पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये घेतलेलं मुधोळचं नाव, हे दोन्ही दलालांना चांगलं पाठ आहे. "कारवान नाही साहेब, ओरिजिनल मुधोळ, राजाच्या ब्लडलाइनचं," असं म्हणून ते दहा हजार वर चढवतात.

आता आम्हाला पिल्लू विकणारा माणूस. त्याचं नाव-गाव इथं लिहीत नाही, तक्रार चालू आहे. ओळखीच्या ओळखीतून नंबर आला. बोलायला अतिशय गोड. मुलीनं रामपूर म्हटल्याबरोबर अर्ध्या तासात राखी पिल्लाचा व्हिडिओ. मागं फाटकी निळी ताडपत्री, पिल्लाच्या डाव्या पुढच्या पायाची बोटं पांढरी. खाली मजकूर: प्युअर रामपूर, डबल बोन, शो क्वालिटी, फुल पेपर. डबल बोन, म्हणजे जाड हाडाचं! हडकुळेपणा हेच ज्यांचं सौंदर्य त्या कुत्र्यांना हे विशेषण लावणाऱ्यानं आयुष्यात रामपूर पाहिलेलं नसणार. पुरावा मागितला तर त्यानं टपाल तिकिटाचा फोटो पाठवला. २००५ मध्ये टपाल खात्यानं देशी कुत्र्यांवर चार तिकिटं काढली होती, त्यात रामपूर आहे हे खरं. पण तिकिटावरच्या कुत्र्याचं आणि या पिल्लाचं नातं काय, ते त्यानं सांगितलं नाही.

आम्ही प्रत्यक्ष गेलो. फोटोवर पैसे पाठवायचे नाहीत एवढं ठरलेलं होतं. फाटकाच्या आत त्यानं घेतलं नाही. "काका, बाहेरच्या चपलेतून पार्वो येतो, आत नको." पार्वो म्हणजे पिल्लांना रक्ताचा जुलाब लावणारा विषाणू. वाक्य शास्त्राला धरून होतं, त्यामुळं हुज्जत घालता येईना. आई दाखवा म्हटलं तर लांबच्या पिंजऱ्यात एक उंच राखी कुत्री उभी होती, ती दाखवली. जवळ नेली नाही. "बाळंतीण आहे, चावते." पिल्लू त्यानं दुसऱ्याच खोलीतून आणलं. मुलीनं फोनवर सगळं टिपलं, ते पुढं फार कामाला आलं. त्या चित्रीकरणात कुत्रीचं पोट स्वच्छ दिसतं. सपाट, कातडं घट्ट, सड बारीक. पिल्लं पाजणाऱ्या कुत्रीचे सड सुजलेले, लोंबते असतात आणि भोवतालचे केस गेलेले असतात. ती बाळंतीण नव्हतीच.

अठ्ठावीस हजार ऑनलाइन दिले. त्यानं लसीकरणाचं कार्ड दिलं आणि सोनेरी किनारीचं सर्टिफिकेट, एका भारदस्त इंग्रजी नावाच्या क्लबचं. त्यावर पंधरा आकडी मायक्रोचिप नंबर. कार्डावर वय नऊ आठवडे, पहिली लस झालेली.

पिल्लाचं नाव पवन ठेवलं. राणीनं त्याला हुंगलं, गुरगुरली नाही, तेवढ्यावर सगळे खूश. पण सांगलीच्या डॉक्टरांकडं तपासणी होईपर्यंत तो वेगळ्या खोलीत राहणार, हा बायकोचा हुकूम होता. तिच्यामुळं पुढचं बरंच निभावलं.

डॉक्टरांनी आधी तोंड उघडून दात बघितले. कुत्र्याचे दुधाचे दात तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात येतात. नऊ आठवड्यांच्या पिल्लाच्या तोंडात पुढचे दात, सुळे, दाढा सगळं भरलेलं पाहिजे. पवनच्या मागच्या दाढा अजून हिरडीतून वर येत होत्या. "हे पाच आठवड्यांच्या वर नाही," डॉक्टर म्हणाले. मग चिपचा स्कॅनर मानेपासून खांद्यापर्यंत फिरवला. काही नाही. मग कार्ड. लसीच्या बाटलीचं लेबल कार्डावर चिकटवलेलं होतं, खरं लेबल, पण त्यावरची मुदत लस दिल्याच्या तारखेआधीच संपलेली. रिकाम्या बाटल्यांची लेबलं सोलून कार्डावर लावायची, हा धंदा डॉक्टरांना नवा नव्हता. पशुवैद्याचा शिक्का होता, नोंदणी क्रमांक नव्हता.

आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकणं २०१७ च्या श्वान प्रजनन नियमांनी बंद आहे आणि धंदा करणाऱ्यानं राज्य पशु कल्याण मंडळाकडं नोंदणी करायची असते. नोंदणी क्रमांक आहे का, हा प्रश्न फोनवरच विचारता येतो. उत्तर "आपलं घरगुती आहे काका" असं आलं तर फोन ठेवावा. घरगुती माणसाकडं दर महिन्याला चार जातींची पिल्लं नसतात.

तपासणी झाली त्याच रात्री पवनला उलट्या सुरू झाल्या. मग रक्ताचा जुलाब. किटवर चाचणी केली, पार्वो. लागण झाल्यापासून लक्षणं दिसायला साधारण तीन ते सात दिवस लागतात, म्हणजे तो आमच्याकडं आला तेव्हाच विषाणू त्याच्या अंगात होता. चपलेचं कारण सांगणाऱ्याच्या फाटकाआड काय होतं ते कळलं. पुढचे दिवस सलाइन, इंजेक्शनं, रात्रभर जागरण. खोली ब्लीचच्या पाण्यानं रोज धुतली, कारण फिनेलला हा विषाणू दाद देत नाही आणि मातीत महिनोन् महिने टिकतो. राणीची लस दरवर्षी वेळेवर होते, तिला काही झालं नाही. ज्यांच्या पहिल्या कुत्र्याची लस राहिलेली असेल त्यांनी दुसरं आणायच्या आधी ती पुरी करावी. औषधपाण्याचा खर्च पिल्लाच्या किमतीवर गेला.

सगळ्यात संताप आणणारी गोष्ट त्याच आठवड्यात कळली. माझ्या मेव्हण्याचा बार्शीचा मित्र चिप्पीपराईच्या शोधात होता. त्यानं मेव्हण्याला एक व्हिडिओ दाखवला. फाटकी निळी ताडपत्री, राखी पिल्लू, डाव्या पायाची पांढरी बोटं. पवन! दर अठरा हजार. मग मी ओळखीच्या दोघांना त्याच नंबरवर फोन करायला लावला. एकानं पश्मी मागितलं, त्याला तोच व्हिडिओ, "झालर सहा महिन्यांनी फुटते", बावीस हजार. दुसऱ्यानं मुधोळ म्हटलं, पुन्हा तोच व्हिडिओ, राजाची ब्लडलाइन, पस्तीस हजार. पिल्लू त्या वेळी आमच्याकडं सलाइनवर होतं. झालर उशिरा येते हे अर्धं खरं आहे, म्हणूनच ते वाक्य खपतं. पश्मीची आई दाखवली तर तिच्या कानाला झालर असायलाच हवी, एवढं बघितलं तरी बरंच कळतं.

मी फोन केला. "काका, जिवंत वस्तू आहे, गॅरंटी कुणी देत नाही." दात, चिप, लेबल, एकेक सांगत गेलो तसा त्याचा 'काका'चा 'ओ मिस्टर' झाला. मग नंबर बंद.

पोलिस ठाण्यात पहिल्यांदा ऐकवलं की पिल्लू मिळालंय ना, मग फसवणूक कसली. माल मिळाला पण खोट्या वर्णनानं, खोट्या कागदावर विकला, हे लेखी दिलं तेव्हा अर्ज घेतला. भारतीय न्याय संहितेत फसवणुकीचं कलम ३१८ आहे, जुनं ४२०. पैसे देऊन पिल्लूच मिळालं नाही असं ज्यांच्याबाबतीत होतं त्यांनी मात्र वेळ न घालवता १९३० ला फोन करावा. पैसे खात्यातून पुढं सरकायच्या आत अडवता येतात.

जिल्हा ग्राहक आयोगातही गेलो. २०१९ च्या कायद्यानं तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, विक्रेत्याच्या गावी खेटे घालावे लागत नाहीत. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही आणि मुदत दोन वर्षांची. आयोगापुढं आमच्याकडं काय आहे? व्हिडिओसोबतचे संदेश, पैसे दिल्याची नोंद, ते कार्ड, डॉक्टरांचा दात आणि चिपविषयीचा लेखी अहवाल, आणि मुलीनं केलेलं चित्रीकरण. डॉक्टरांकडून लेखी घेतलं हे महत्त्वाचं. तोंडी मताचा तिथं उपयोग नाही.

पवन वाचला. आता वर्षाचा व्हायला आलाय. डोकं रुंद, एक कान उभा, एक पडलेला, शेपटी पाठीवर गोल वळलेली. रामपूर सोडा, चारांपैकी काहीच नाही. गावठी आणि कुठल्यातरी हाउंडचं मिश्रण. सरळ पट्ट्यात राणी त्याला मागं टाकते, वळणावर तो तिला गाठतो. गावातल्या कुणी दिला असता तर फुकट आणला असता आणि कौतुकानं सांभाळला असता. सांभाळतो आहोतच. अठ्ठावीस हजारांचं भांडण पिल्लाशी नाही.

ज्यांना खरंच कारवान किंवा मुधोळ पाहिजे त्यांच्यासाठी सांगलीहून मुधोळ काही लांब नाही. तिथं तिम्मापूरला कर्नाटकच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचं श्वान संशोधन केंद्र आहे. थांबावं लागलं तरी चालेल, चौकशी तिथून सुरू करावी. नाहीतर जत, मंगळवेढ्याकडं ज्यांच्या घरात ही कुत्री पिढ्यान् पिढ्या आहेत त्यांच्याकडं जावं, ओसरीवर बसावं, पिल्लं आईला पिताना बघावीत. आणि कुठलं पाहिजे ते आधी बोलू नये. "तुमच्याकडं काय आहे?" एवढंच विचारावं आणि समोरच्याला जातीचं नाव आधी घेऊ द्यावं.

त्या माणसाचा नवा नंबर सुरू झाल्याचं ऐकतो, आता म्हणे सालुकी ही परदेशी जातही ठेवतो. सोलापूर भागातून निळ्या ताडपत्रीपुढचं राखी पिल्लू कुणाला कुठल्याही नावानं विकलं गेलं असेल, तर कार्ड आणि पैसे दिल्याची नोंद टाकून देऊ नका. एकाच विक्रेत्याविरुद्ध अनेक ग्राहकांना आयोगाच्या परवानगीनं एकत्र तक्रार करता येते. बार्शीचा तो मित्र व्हिडिओ आणि दराच्या संदेशांसह साक्षीला तयार झालाय. ज्यांचे पैसे प्रत्यक्ष गेलेत, असे आणखी लोक हवे आहेत.