ॲरिस्टॉटलचं गाव पाहायचं तर कुठलं स्तागिरा गाठावं?

ग्रीसच्या उत्तरेकडच्या खाल्किदिकी या भागात स्तागिरा नावाची दोन ठिकाणं आहेत. इ.स.पू. ३८४ मध्ये ॲरिस्टॉटल जन्मला ते शहर समुद्रकाठी, ऑलिंपियादा गावाशेजारी आहे. दुसरं स्तागिरा म्हणजे डोंगरातलं आजचं गाव. त्याला हे नाव अलीकडच्या काळात मिळालं आणि तिथे ॲरिस्टॉटलचा पुतळा व उद्यान आहे. नकाशात नुसतं ‘स्तागिरा’ शोधलं की अनेकदा हे डोंगरातलं गावच पुढे येतं. म्हणून अवशेष पाहायचे असतील तर ‘ऑलिंपियादा’ शोधा.

प्राचीन शहर दोन टेकड्यांच्या छोट्या द्वीपकल्पावर पसरलं होतं. इ.स.पू. सातव्या शतकात आंद्रोस बेटावरच्या लोकांनी ते वसवलं. इ.स.पू. ३४८ च्या सुमारास मॅसिडोनियाच्या राजा फिलिपने ते उद्ध्वस्त केलं आणि पुढे ॲरिस्टॉटलसाठी पुन्हा उभं केलं, असं प्राचीन लेखक सांगतात. उत्खनन १९९० पासून झालं. दक्षिण टेकडीवर चढत जाणारी सुमारे २ मीटर जाडीची तटबंदी, तिचे गोल आणि चौकोनी बुरूज, मधल्या खिंडीतला बाजारचौक, घरांचे पाये आणि उत्तर टेकडीवरचं जुनं मंदिर, एवढं बघायला दीड-दोन तास हवेत. घाईत आलेले लोक बाजारचौकातूनच माघारी फिरतात आणि तटबंदी राहून जाते. ती चुकवू नका. शहराचा आवाका तिच्यावरूनच कळतो.

इथे एका अर्धवर्तुळाकार वास्तूला ‘ॲरिस्टॉटलची समाधी’ म्हणतात. उत्खनन करणारे कोस्तास सिस्मानिदिस यांनी २०१६ मध्ये तसा दावा केला. ॲरिस्टॉटल इ.स.पू. ३२२ मध्ये खाल्किस या शहरात वारला आणि गावकऱ्यांनी त्याच्या अस्थी इथे आणल्या, अशी माहिती नंतरच्या हस्तलिखितांत आहे. पण नाव कोरलेला एकही शिलालेख त्या वास्तूत सापडलेला नाही, त्यामुळे सगळे अभ्यासक हा दावा मानत नाहीत. जागा जरूर पाहा, पण समाधी म्हणून खात्री धरू नका.

डोंगरातल्या उद्यानात पुरातन अवशेष शोधू नका. त्याचं मोल वेगळं आहे. ॲरिस्टॉटलच्या निसर्गविचाराला धरून तिथे हाताळायची उपकरणं मांडली आहेत: सूर्यघड्याळ, लंबक, दूर उभ्या माणसाचं बोलणं ऐकवणाऱ्या खोलगट (परवलयी) तबकड्या, वाजवले की वेगवेगळे नाद देणारे पाच दगड. आठ-दहा वर्षांच्या मुलांना इथे जास्त रमायला होतं. मात्र आभाळ भरलं असेल तर सूर्यघड्याळ आणि उन्हावर चालणारी भिंगं कामाची राहत नाहीत.

एकच ठिकाण जमणार असेल तर प्राचीन शहर निवडा. मुलं लहान असतील किंवा चढ-उतार झेपत नसेल तरच उद्यान. दोन्ही एका दिवसात होतात. थेस्सालोनिकी या मोठ्या शहराहून ऑलिंपियादा सुमारे ९५ किलोमीटर आहे. तिथून स्त्रातोनीमार्गे डोंगरातल्या गावापर्यंतचा रस्ता वळणावळणाचा आहे, पाऊण तास धरा. या दोहोंमध्ये बसच्या भरवशावर राहू नका, गाडी भाड्याने घ्या. उन्हाळ्यात अवशेष सकाळीच उरका, कारण तटबंदीवर सावली फार कमी आहे. पाणी सोबत ठेवा आणि पकड असलेले बूट घाला. खडीवर चपला घसरतात.

अलेक्झांडरला ॲरिस्टॉटलने शिकवलं ते मिएझा या सहलीत बसवू नका. ते नाउसाजवळ, थेस्सालोनिकीच्या पश्चिमेला आहे. त्यासाठी वेगळा दिवस काढावा लागतो.