तिमाही इंजेक्शन, 14 महिने: पीएसए खाली, पंखा पाचवर

काल रात्री पावणेतीनला बेडरूमच्या पंख्याचा रेग्युलेटर जळाला, म्हणून आज लिहायला बसलो. जानेवारी महिना, साताऱ्यात कान गार पडतायत, सौ. दुलई नाकापर्यंत ओढून झोपलेली आणि मी बनियनवर पंख्याखाली. मला प्रोस्टेटचा कॅन्सर आहे आणि त्यासाठी टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी हार्मोन, दाबून टाकणारं इंजेक्शन घेतो: ल्युप्रोलाइड 22.5 मिलिग्रॅम, तीन महिन्यांचं. आत्तापर्यंत पाच झाली.

पीएसए, म्हणजे रक्तात हा आजार मोजायचा आकडा, 64 वरून 0.4 वर आलाय, टेस्टोस्टेरॉनही 14 वर दबलंय. ज्यासाठी घेतलं ते काम चोख. सुरुवातीला टेस्टोस्टेरॉन उलट उसळतं, म्हणून त्याला अडवणारी बायकालुटामाइडची गोळी आधी सुरू करतात, ते सगळं तुम्हाला ठाऊक असेलच. माझं गाऱ्हाणं वाफांचं आहे, म्हणजे या इंजेक्शनानं अंगात अचानक उसळणाऱ्या उष्णतेचं.

छातीच्या मधोमध कोणी काडी ओढावी तसं होतं. मग मान, कानाच्या पाळ्या, टाळू. दोन-तीन मिनिटांत चष्म्यावर धुकं आणि बनियन पिळायला आलेलं. घाम वाळला की हुडहुडी. म्हणजे पंखा पाचवर, मग बंद, परत पाचवर. रेग्युलेटरनं तरी किती सोसायचं?

वीज मंडळात बिलांच्या टेबलावर जन्म गेला, त्यामुळे नोंदी ठेवायची खोड. कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाशेजारी रोजच्या वाफांच्या रेघा मारतो. तिसऱ्या महिन्यात दिवसाला 11 होत्या. डॉक्टरांना कॅलेंडर दाखवलं तर म्हणाले, "काका, होतंच ते." होतंच, हे मला कळत नाही का? पुढच्या खेपेला हट्टच धरला, तेव्हा व्हेन्लाफॅक्सिनची कमी डोसाची गोळी दिली. ही गोळी उदास माणसांना देतात असं दुकानदार बोलून गेला आणि मी आठ दिवस पाकीट फोडलंच नाही. मला काय वेड लागलंय? चूक माझीच. घ्यायला लागल्यावर रात्रीच्या वाफा निम्म्यावर आल्या. चहाचा काही संबंध नाही असंही मी सगळ्यांना छातीठोकपणे सांगत होतो, तेही मागे घेतो. रेघा नीट बघितल्या तर सकाळच्या कडक चहानंतर दहा मिनिटांत एक ठरलेली.

वीस वर्षांपूर्वी सौ.ची पाळी गेली तेव्हा ती रात्री उठून पंखा लावायची आणि मी युनिटचा दर ऐकवून बंद करायचो. आता ती काहीच बोलत नाही. नुसती दुलई ओढते. (बोलली असती तर बरं झालं असतं.)

पैशाचं सांगतो. छापील किमतीवर जाऊ नका. पहिली दोन मी छापील किमतीत घेतली. तिसऱ्या वेळी दुसऱ्या दुकानात नुसतं विचारलं, तर जवळपास निम्म्यात. पहिल्याला जाब विचारला तर म्हणतो, "तुम्ही विचारलंच नाही." वर बर्फाच्या पिशवीचे वीस रुपये लावले होते, ते मी अजून विसरलो नाही. डॉक्टरांनी सुरुवातीला वृषणं काढायचं ऑपरेशनही सुचवलं होतं. माझा आजार कमरेच्या हाडात उतरलेला, म्हणजे हे औषध जन्माचंच. त्यापेक्षा एकदाच खर्च, परिणाम तोच. 1941 साली शिकागोत चार्ल्स हगिन्स यांनी हाच उपाय मांडला आणि 1966 ला त्यांना नोबेल मिळालं, हे मुलानं वाचून दाखवलं. मी ऐकूनच उठलो. आता पाच बिलांची बेरीज केली की हात थबकतो. पण वाफा ऑपरेशननंही चुकत नाहीत, तेव्हा विषय बंद.

बाकी पोट सहा किलोनं सुटलं, छाती हात लागला तरी दुखते. हाडांची तपासणी केली, ती ठिसूळ व्हायला लागलीत. कॅल्शियम, डी व्हिटॅमिन आणि रोज अजिंक्यताऱ्याच्या अर्ध्या चढापर्यंत फेरी. फेरी चुकली की त्या दिवशी दुपारी जिना चढवत नाही. नवरा-बायकोचं म्हणाल तर इच्छाच गेली, त्यामुळे चुकल्यासारखंही वाटत नाही. विचित्र आहे, पण खरं. आणि परवा नातीच्या गॅदरिंगचा व्हिडिओ बघताना रडू फुटलं. नात तर झाड झाली होती, तिला एक वाक्यही नव्हतं.

दुपारी वायरमन येऊन गेला. रेग्युलेटरचे 240 आणि वर, "काका, थंडीत पंखा कोण लावतं?" मी दोन घेऊन ठेवले. सौ.नं त्याला आल्याचा चहा दिला आणि माझ्यापुढं ताकाचा पेला ठेवला.