मोटर जळाली नव्हती, बदलली गेली

नागपूरच्या मानेवाड्यातल्या एका घरी सात किलोचं सेमी-ऑटोमॅटिक वॉशिंग मशीन ऐन मे महिन्यात बंद पडलं. धुण्याचा टायमर फिरवला की खालून नुसता घूंऽऽ आवाज, पण टबातली चकती जागची हलत नाही. घरच्या काकूंनी मोबाइलवर कंपनीचं नाव टाकलं आणि सर्व्हिसचा जो नंबर सगळ्यात वर दिसला तो लावला. तासाभरात कंपनीचं नाव छापलेला टी-शर्ट घालून एक जण हजर झाला. तो कंपनीचा नव्हता, हे नंतर कळलं.

त्याने मागचं झाकण उघडलं, मल्टिमीटर बीपवर, म्हणजे तार अखंड आहे का ते दाखवणाऱ्या सेटिंगवर, ठेवून मोटरच्या दोन वायरींना लावलं. बीप वाजली नाही. मग त्या दोन वायरी थेट प्लगला जोडून बटण दाबलं. मोटर घुरघुरली, फिरली नाही. ‘मोटर गेली काकू, वाइंडिंग जळालं. वर्कशॉपला न्यावी लागते.’ 350 रुपये व्हिजिटचे, 2,400 रिवाइंडिंगचे, म्हणजे मोटरमधली तार नव्याने गुंडाळण्याचे, त्यातले 1,500 आधी यूपीआयवर. तीन दिवसांनी मोटर बसवून गेला. अकरा दिवस मशीन चाललं आणि बाराव्या दिवशी जळकट वास आला. तोवर त्याचा फोन बंद झाला होता.

दुसऱ्या कारागिराने मशीन उघडलं तेव्हा आत मूळची मोटर नव्हतीच. कंपनीचं स्टिकर नाही, पुली वेगळी, वजन हाताला कमी लागणारं. वाइंडिंगच्या तारेचं टोक ब्लेडने खरवडलं तर लालसर इनॅमलखाली पांढरी चमक निघाली, म्हणजे अ‍ॅल्युमिनियम. शेजारी कंडेन्सर, म्हणजे मोटर फिरायला सुरुवात करून देणारा डबा, मात्र नवा कोरा. मूळ बिघाड बहुधा तेवढाच होता. शे-दोनशे रुपयांचा कंडेन्सर घालून चांगली तांब्याची मोटर पहिल्या माणसाने लंपास केली.

त्याच्या दोन्ही ‘चाचण्या’ कशा खोट्या होत्या ते नीट समजून घ्या, कारण याच दोन चाचण्या घरोघरी दाखवल्या जातात.

धुण्याच्या मोटरला तीन वायरी असतात: एक कॉमन, म्हणजे दोन्ही वाइंडिंगची सामाईक, आणि दोन वाइंडिंगच्या. मोटर उलटसुलट दोन्ही बाजूंनी फिरावी म्हणून दोन्ही वाइंडिंग सारखीच असतात. एका वेळी एकीला थेट वीज मिळते, दुसरीला कंडेन्सरमधून. त्या फरकामुळेच फिरायला सुरुवात होते. कंडेन्सर वगळून नुसत्या एका वाइंडिंगला 230 व्होल्ट दिले, तर शोरूममधून आणलेली नवी मोटरही घुरघुरेल आणि फिरणार नाही. बीपचंही तसंच. मीटरची बीप ठरावीक ओहमच्या आतच वाजते. वाइंडिंगची दोन टोकं पकडली की रेझिस्टन्स, म्हणजे रोध, त्याच्या वर जाऊ शकतो आणि मग धडधाकट वाइंडिंगवरही मीटर गप्प राहतं.

खरी तपासणी अशी. प्लग काढा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. कंडेन्सरमध्ये वीज साठलेली असते, म्हणून त्याच्या दोन्ही टोकांना साध्या फिलामेंट बल्बच्या होल्डरच्या वायरी काही सेकंद टेकवा. मोटरच्या तिन्ही वायरी जोडणीतून मोकळ्या करा. मीटर 200 ओहमच्या रेंजवर ठेवून तिन्ही जोड्या मोजा. धुण्याच्या मोटरमध्ये दोन आकडे जवळजवळ सारखे यायला हवेत आणि तिसरा त्यांची बेरीज, उदाहरणार्थ 30, 30 आणि 60. आकडा मॉडेलप्रमाणे बदलतो. बघायची ती समानता. एखाद्या जोडीत काहीच आकडा आला नाही तर वाइंडिंग तुटलंय. दोनांपैकी एक बराच कमी आला तर आतले वेढे शॉर्ट आहेत. अशी मोटर घुरघुरते, तापते आणि वास मारते. मग मीटर सगळ्यात मोठ्या रेंजवर नेऊन एक टोक वायरीला आणि दुसरं मोटरच्या उघड्या लोखंडाला लावा. इथे आकडा यायलाच नको. हे करताना दोन्ही टोकं बोटांनी धरू नका. नाहीतर मीटर तुमच्या अंगाचा रेझिस्टन्स दाखवेल, आणि ‘बॉडी शॉर्ट आहे’ असं सांगणारे हीच चलाखी करतात.

सुकवण्याच्या, म्हणजे स्पिनच्या मोटरचे दोन आकडे मुळातच वेगळे असतात, कारण तिला एकाच दिशेने फिरायचं असतं. तो फरक दाखवून ‘शॉर्ट’ म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

कंडेन्सर तपासायला मायक्रोफॅरॅड, म्हणजे त्याची क्षमता, दाखवणारं मीटर लागतं. अनेक सेमी-ऑटोमॅटिकमध्ये एकाच डब्यात दोन कंडेन्सर असतात, त्यांची मूल्यं वर छापलेली असतात. 10 मायक्रोफॅरॅडचा 6-7 दाखवत असेल तर मोटर भार उचलत नाही. डबा फुगलेला दिसला तर मोजायचीही गरज नाही. बदलताना मायक्रोफॅरॅड तेवढेच घ्या. व्होल्टेज छापलंय तेवढं किंवा जास्त चालेल, कमी कधीच नको. नागपूरच्या उन्हाळ्यात हा भाग लवकर जातो. बाल्कनीत ठेवलेलं मशीन 45 अंशांत भाजून निघतं. त्यात वस्तीत कूलर सुरू झाले की व्होल्टेज पडतं, आणि मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या (व्होल्टेज गुणिले व्होल्टेज) प्रमाणात घटतो: 230 चे 180 झाले तर जोर सुमारे 61 टक्केच उरतो. म्हणून मोटरला दोष देण्याआधी संध्याकाळी पाच-सहा आणि रात्री अकरा, अशा दोन वेळी व्होल्टेज बघा.

घुरघुर असूनही कंडेन्सर चांगला निघाला तर बेल्ट उतरवा. मोटरची पुली हाताने सुळसुळीत फिरली तर अडचण वर आहे: चकतीखाली नाणं, सेफ्टीपिन, हुक किंवा गंजलेला बुश, म्हणजे चकतीचा दांडा ज्यात फिरतो ते कडं. आवाजच येत नसेल तर आधी टायमर आणि वायरी बघा. खालून उंदीर शिरतात आणि वायरी कुरतडतात, हे तर इथे नेहमीचंच.

फ्रंट लोड मशीनच्या कार्बन ब्रशवाल्या (फिरत्या भागाला टेकून वीज पोहोचवणाऱ्या कांड्यांच्या) मोटरमध्ये ‘जळाली’ म्हटलेली मोटर बऱ्याचदा झिजलेल्या ब्रशचीच असते. ब्रशची जोडी मोटरच्या मानाने फारच स्वस्त पडते. इन्व्हर्टर मोटरला ब्रशही नाहीत आणि कंडेन्सरही नाही; तिच्या तिन्ही जोड्या सारख्या आल्या तर दोष बोर्डात किंवा सेन्सरमध्ये शोधायचा.

मोटर खरंच न्यावी लागली तर नेण्याआधी स्टिकर, अनुक्रमांक आणि पुलीचा फोटो काढा, मोटरवर न पुसणाऱ्या मार्करने खूण करा आणि सुटा भाग नेल्याची सही घ्या. रिवाइंडिंग तांब्याचं असं बिलावर लिहून घ्या. अ‍ॅल्युमिनियमचा रोध तांब्याच्या सुमारे 1.6 पट असतो, म्हणून तेवढ्याच जाडीची तार जास्त तापते. शिवाय अ‍ॅल्युमिनियमला साधं सोल्डर (डाग) नीट धरत नाही, जोड सैल राहतो आणि तिथूनच जळायला सुरुवात होते. जुना कंडेन्सर, जुने ब्रश परत मागा. कंपनीचा नंबर वॉरंटी कार्डावरचा किंवा मशीनच्या स्टिकरवरचाच घ्या.

या काकूंकडे होती ती फक्त यूपीआयची पावती आणि एक हाताने लिहिलेली चिठ्ठी, तीही नाव-पत्त्याविना. यूपीआयची पावती मात्र कामाची आहे, तिच्यावर पैसे घेणाऱ्याचं नाव आणि व्यवहार क्रमांक असतो. लिंक उघडायला लावून किंवा मोबाइलवर दुसरं अ‍ॅप टाकायला लावून पैसे काढले असतील तर लगेच 1930 वर फोन करा, जितका उशीर तितके पैसे हाताबाहेर. खराब कामाची किंवा भाग बदलल्याची तक्रार असेल तर 1915 ही ग्राहक हेल्पलाइन आहे. त्यानंतर सिव्हिल लाइन्समधल्या जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते, आणि सोबत नेलेल्या मोटरचा आधीचा फोटो असेल तर काम फार सोपं होतं.