जुळे सोलापुरातील घरी बसवलेले कार्पेट: माल उत्तम, बसवणी मात्र दोनदा

गेल्या दसऱ्यानंतर जुळे सोलापुरातील आमच्या घरी, तळमजल्यावरच्या एका खोलीत, भिंतीपासून भिंतीपर्यंत कार्पेट बसवून घेतले. उन्हाच्या आणि धुळीच्या या गावात कार्पेट कशाला, असे शेजारी विचारत होते आणि एरवी त्यांचे म्हणणे खोटे नाही. परंतु ही खोली आईची आहे. तिच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झालेली आहे, थंडीत शहाबादी फरशीवर तिला पाय टेकवत नाही, आणि सुट्या सतरंजीची कड पायात अडकून ती एकदा पडलीही आहे. सरकणार नाही आणि कड वर येणार नाही असे अंथरूण जमिनीला हवे, एवढीच आमची गरज होती.

शहरातील ज्या दुकानातून कार्पेट घेतले, तेथे नमुने मोकळेपणाने दाखवले गेले आणि दरही आधी कागदावर लिहून मिळाला. कार्पेट चौरस फुटाला 95 रुपये, खालचा फोमचा अंडरले 25 रुपये आणि बसवणी 12 रुपये. खोली 14 फूट बाय 15 फूट आहे. 12 फूट रुंदीच्या रोलमधून 20 फूट लांबी घेतली गेली आणि सगळे मिळून बिल साडेतीस हजारांच्या आसपास झाले. यातले 5,000 रुपये मी काम पाहून देईन असे ठरवून घेतले होते, आणि पुढे त्याच रकमेचा मोठा आधार झाला.

बसवायला आलेल्या दोघा मुलांनी सकाळी रोल टेम्पोतून उतरवला, लगेच कापला आणि दुपारी चारपर्यंत काम संपवले. संध्याकाळी खोली सुंदर दिसत होती. दुसऱ्या दिवशी दक्षिणेकडच्या खिडकीतून ऊन आत आले, तेव्हा न्हाणीघराच्या दारासमोरची दोन फूट रुंदीची पट्टी बाकीच्या कार्पेटपेक्षा स्पष्ट काळपट दिसू लागली. रंगात फरक असेल, दुसऱ्या रोलचा तुकडा लावला असेल, असे मला वाटले. आईने मात्र तेवीस वर्षे अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतील टॉवेलच्या कारखान्यात तयार माल तपासण्याचे काम केले आहे. तिने पलंगाच्या कडेवर बसून वाकून कार्पेटवर तळहात फिरवला, खिडकीकडून भिंतीकडे आणि परत, मग त्याच दिशेने पट्टीवर फिरवला आणि म्हणाली, “रंग एकच आहे रे, लव आडवी गेलीय. हात लावून बघ.” लव म्हणजे कार्पेटच्या वरच्या बाजूचे आखूड तंतू. मी हात लावून पाहिला. मुख्य भागावर एका बाजूने हात मऊ सरकत होता आणि उलट नेला की लव उभी राहत होती. पट्टीवर मात्र दोन्हीकडे सारखाच लागत होता, कारण तिची लव काटकोनात वळलेली होती.

ही चूक अनवधानाने होत नाही. 14 फुटांच्या खोलीला 12 फुटांचा रोल लावला की दोन फुटांची पट्टी जोडावीच लागते. ती लवेच्या योग्य दिशेने कापायची तर कापड जास्त वाया जाते किंवा लहान तुकडे जोडत बसावे लागते. आडवी फिरवली की थोडक्यात भागते. त्यातही जोड कुठे येणार याचा विचार झाला नव्हता. पूर्वेच्या भिंतीला दोन लोखंडी कपाटे आहेत, तिकडे जोड गेला असता तर कोणाच्या पायाखाली आला नसता. येथे तो नेमका पलंगापासून न्हाणीघरापर्यंतच्या वाटेत आला, जिथे आई रात्रीची उठून अंधारात चालते.

पंधरा दिवसांत बाकीचे दोषही वर आले. खोलीच्या मध्यभागी दोन लांब सुरकुत्या पडल्या. कार्पेटची कड धरून ठेवणारी भिंतीलगतची खिळ्यांची पट्टी अगदी भिंतीला चिकटवून ठोकल्यामुळे कार्पेटची कड खोचायला फटच उरली नव्हती, आणि ती कड न्हाणीघराच्या उंबऱ्याशी उचलली गेली. तेथेच या पट्टीच्या एका खिळ्याचे टोक लवेतून वर आले आणि आईच्या टाचेला लागले. बैठकीकडचे दार अडते म्हणून ते खालून तासले होते, तेही गरजेपेक्षा अर्धा इंच जास्त.

दुकानात गेलो तेव्हा मालकांनी “महिनाभर वापर होऊ द्या, आपोआप बसेल” असे सांगितले. नव्या कार्पेटच्या बाबतीत हे काही गोष्टींना लागू पडते. सुरुवातीला थोडे तंतू निघतात, नवेपणाचा वास येतो, रोलच्या घडीच्या खुणा दिसतात. या गोष्टी खरोखर कमी होतात आणि त्यांची तक्रार मी केलीही नव्हती. कमी ताणल्यामुळे पडलेली सुरकुती मात्र वापराने जात नाही, उलट वाढते, आणि आडवी लव जन्मभर आडवीच राहते. तीन फेऱ्या व्यर्थ गेल्यावर मी लेखी पत्र दिले. प्रत्येक दोषाचा मोजपट्टी ठेवून काढलेला फोटो आणि बिलाची प्रत जोडली, आणि ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार ही सेवेतील त्रुटी आहे, असे नमूद केले. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा क्रमांक मी काढून ठेवला होता. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहारासाठी जिल्हा ग्राहक आयोगात शुल्क लागत नाही आणि तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते, हेही वाचून ठेवले होते. त्यातले काही वापरावे लागले नाही. पत्र पोचल्यावर मालक स्वतः घरी आले, त्यांनी गुडघे टेकून जोड पाहिला, आणि पूर्ण कार्पेट बदलून देण्याचे कबूल केले.

संक्रांतीला सोलापुरात भरणाऱ्या गड्ड्याच्या यात्रेच्या आठवड्यात पुण्याहून एक वयस्कर कारागीर आले. त्यांचे काम पाहिल्यावर पहिल्या खेपेला काय काय राहिले होते ते मला कळले. त्यांनी आधी जुने कार्पेट काढून फरशीवर चार ठिकाणी प्लास्टिकचे चौकोन चिकटपट्टीने घट्ट बसवले आणि रात्रभर तसेच ठेवले. सकाळी न्हाणीघराकडच्या चौकोनाखाली बाष्पाचे थेंब दिसले, म्हणजे फरशीच्या सांध्यातून ओल वर येत होती. गवंड्याकडून ते सांधे भरून ते वाळेपर्यंत काम थांबले, आणि नवा रोल तेवढे दिवस खोलीतच उलगडून ठेवला होता. या वेळी रोल 4 मीटर, म्हणजे सुमारे 13 फूट रुंदीचा होता. त्यामुळे जेमतेम फूटभर पट्टी उरली, ती एकाच दिशेच्या तीन तुकड्यांत जोडली गेली आणि कपाटांच्या बाजूला गेली. शहाबादी फरशीच्या कडा फुटू नयेत म्हणून खिळ्यांच्या पट्ट्या ठोकण्याऐवजी चिकटवल्या आणि भिंतीपासून कार्पेटच्या जाडीपेक्षा किंचित कमी अंतर सोडले. मग समोरच्या भिंतीला टेकवलेल्या लांब दांड्याच्या यंत्राने कार्पेट ताणले. 15 फुटांमागे जवळजवळ दोन इंच जास्तीचे कापड भिंतीशी निघाले, ते कापून कड फटीत खोचली. पहिल्या मुलांकडे फक्त गुडघ्याने रेटायचे लहान अवजार होते आणि तेवढ्याने एवढी खोली ताणली जात नाही.

रुंद रोलमुळे 22 चौरस फूट कार्पेट जास्त लागले, त्याचे 2,090 रुपये मी दिले. जुना माल आणि दुसरी मजुरी दुकानाने सोसली. माझ्या मते हे न्याय्य झाले. कार्पेटचा दर्जा मला पहिल्या दिवसापासून पसंत आहे आणि दुरुस्तीचे काम उत्कृष्ट आहे. पहिली बसवणी मात्र निष्काळजीपणाची होती, आणि ती मान्य करायला दुकानाने जवळजवळ तीन महिने घेतले. त्या काळात आई माझा हात धरल्याशिवाय न्हाणीघराकडे जात नव्हती. याच दुकानातून घ्यायचे असेल तर रोलची रुंदी, जोडाची जागा आणि लवेची दिशा खोलीच्या नकाशावर आखून घ्यावी, ताणाचे यंत्र घेऊन कोण येणार ते विचारावे, आणि काही रक्कम निदान महिनाभर हाती ठेवावी.

तासलेल्या दाराखाली अजून अर्ध्या इंचाची फट आहे आणि रात्री तिच्यातून बैठकीतला उजेड आईच्या डोळ्यांवर येतो. तेथे लाकडी पट्टी लावून देण्याचे दुकानाने कबूल केले आहे, सुतार अद्याप आलेला नाही. ती लागली की राहिलेले 5,000 रुपये त्यांना पोचते करीन.