सेसिल बीटनचं फोटोंचं जाडजूड पुस्तक: आठ महिन्यांनंतर

आधी दोन तारे दिले होते, आता चार देतेय. मधल्या काळात पुस्तक फाटलं, म्हणून.

जुन्या पुस्तकांच्या एका ऑनलाइन दुकानातून २,३०० रुपयांना घेतलं. बीटन हा इंग्लिश फोटोग्राफर आणि वेशभूषाकार, याहून जास्त सांगत बसत नाही; ‘व्होग’ हे फॅशन मासिक आणि ‘माय फेअर लेडी’ सिनेमातले कपडे माहीत असल्याशिवाय हे धूड कुणी घरात आणणार नाही. माझं भांडण पुस्तकाच्या मधल्या शिवणीशी. शिवण कसली, नुसता गोंद! आडवा फोटो दिसला की पसरला जोडपानावर. १९६४ च्या त्या सिनेमातलं अ‍ॅस्कॉटच्या घोड्यांच्या शर्यतीचं दृश्य, सगळा काळा-पांढरा थाट, आणि नेमक्या मधल्या दोन टोप्या खोबणीत गडप. विल्सफर्ड या इंग्लंडमधल्या हवेलीच्या पुलावर मेंढपाळांच्या वेषात ओळीने उभी असलेली १९२७ मधली मित्रमंडळी मोजावीत, तर दर वेळी एक जण कमी.

उभे फोटो तेवढे वाचले. १९५३ चा एलिझाबेथ राणीचा राज्याभिषेकाचा फोटो बघा. मागचं वेस्टमिन्स्टर अ‍ॅबे, म्हणजे राज्याभिषेकाचं चर्च, चक्क रंगवलेला पडदा, फोटो काढलाय राजवाड्यात. संगीत नाटकवाल्यांनी दाद द्यावी असं काम. आणि १९४० मधली, युद्धात हवाई हल्ल्यात जखमी झालेली, डोक्याला बँडेज बांधलेली तीन वर्षांची मुलगी, हातात बाहुली. फॅशनवाल्या माणसाकडून हे अपेक्षित नव्हतं.

मजकुराला मात्र अर्धाच तारा. पीटर वॉटसन हा श्रीमंत कलासंग्राहक जिथे तिथे ‘जिवलग मित्र’. बीटनचं त्याच्यावर वर्षानुवर्षं एकतर्फी प्रेम होतं, हे सरळ लिहायला काय झालं? इंग्लंडमध्ये १९६७ पर्यंत पुरुषांमधले असे संबंध गुन्हा होते, कबूल. पण पुस्तक त्यानंतरचं आहे! १९३८ मध्ये ‘व्होग’च्या चित्रात बारीक अक्षरांत ज्यूंना शिवी लिहून बीटनने नोकरी घालवली, तेही एका ओळीत उरकलंय.

सातव्या महिन्यात पानं सुटली. दुकानदार म्हणाला, “ताई, वापरलेल्या मालाला गॅरंटी नसते.” बाइंडरने ७०० सांगितले. चिडून सुटी पानं टेबलावर शेजारी शेजारी मांडली, तर अ‍ॅस्कॉटच्या दोन्ही टोप्या हजर! पुलावरचा माणूसही सापडला. गोंदाखाली चांगला बोटभर फोटो दडपला होता.

आता बाइंडिंग करणार नाही. ७०० वाचले. पानं साडीच्या खोक्यात ठेवलीत. पान ११२ तेवढं मिळत नाही. मुळातच आलं नव्हतं की पंख्याने उडालं, देव जाणे.